बेसिनमागचा दगड



बेसिनमागे दगडाची पट्टी लावतात ती भिंतीत पाणी मुरू नये म्हणून, शोभा त्यानंतरची. पाणी शिरते ते मुख्यतः सांध्यांतून, नळाच्या भोकांतून आणि ओटा व भिंत यांच्या कोपऱ्यातून. म्हणून दगडाइतकेच लक्ष त्याच्या मागच्या भिंतीकडे आणि कडांकडे द्यावे.

दगड निवडताना त्याची जात पाहावी. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असल्याने नेहमीच्या साफसफाईने त्याचे सहसा काही बिघडत नाही. मकराण्याचा संगमरवर, कोटा, शहाबादी आणि कडप्पा यांत मात्र कॅल्शियम कार्बोनेट असते. अ‍ॅसिडवाल्या क्लीनरनेच काय, लिंबाच्या रसानेही त्यांची चकाकी जाते आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. राजस्थानचा हिरवा मार्बल सर्पेंटाइन जातीचा असतो. पाण्यात कालवलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर तो वाकू शकतो, म्हणून एपॉक्सीने बसवावा.

भिंत तयार करताना रंग, पुट्टी आणि पीओपी खरवडून गिलाव्यापर्यंत जावे. १८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरते. ते रंगाच्या थरावर टांगले, तर थरासकट खाली येते. गुळगुळीत गिलाव्यावर टाचे मारावेत. नवा गिलावा असेल तर त्याला पुरेसे पाणी मारून तो वाळू द्यावा. भिंत ओळंब्यात आहे का ते तपासावे आणि वॉटरप्रूफिंगचा थर दगड लावण्याआधीच द्यावा.

मापे बेसिनचा ओटा बसल्यावर घ्यावीत, कारण भिंतीचे कोपरे क्वचितच गुण्यात असतात. नळाची भोके दगड जमिनीवर असतानाच डायमंड बिटने, पाणी सोडत पाडावीत. हॅमर ड्रिल वापरू नये. दिसणाऱ्या कडांना पॉलिश याच वेळी करून घ्यावे.

अ‍ॅडहेसिव्हसाठी भारतीय मानक आयएस १५४७७ आहे. पिशवीवर ते पाहावे आणि दगडाला कोणता प्रकार चालतो तेही वाचावे. फिकट मार्बलला पांढरेच अ‍ॅडहेसिव्ह लावावे, कारण करड्या सिमेंटची छटा आरपार दिसते. दात्यांच्या थापीने ते भिंतीवर पसरावे आणि दगडाच्या पाठीवरही पातळ हात द्यावा. चार कोपऱ्यांवर गोळे ठेवून मध्ये पोकळी सोडण्याची सवय वाईट. तिथेच पाणी साठते. दगड दाबून बसवावा, पाणसळ लावावी आणि ओट्यापासून २ ते ३ मिलिमीटरची फट ठेवावी.

साधारण एक दिवसानंतर दगडांमधले सांधे ग्राउटने भरावेत. पॉलिश मार्बलला वाळू नसलेले ग्राउट घ्यावे, नाहीतर ओरखडे उठतात. ओटा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मात्र ग्राउट भरू नये. दोन्ही भाग वेगवेगळे हलतात आणि ग्राउटला तडा जातो. तिथे दगडासाठीचे न्यूट्रल सिलिकॉन भरावे. आंबूस वासाच्या साध्या सिलिकॉनमधले अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड मार्बल खाते.

शेवटी दगडावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थोड्या वेळात डाग गडद झाला, तर सीलर हवा. तो दर काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो. रोजच्या सफाईला सौम्य साबण पुरतो.