मनालाही आजार होतो

ताप आला की आपण दवाखान्यात जातो. मन आजारी पडले तर? तेव्हा आपण म्हणतो, "आळशी झाला," नाहीतर "बाहेरचं झालं."

वऱ्हाडात असा माणूस गावोगाव सापडेल. कापूस वेचायला आला आहे, पण पाय वावराकडे वळत नाही. पहाटे तीनलाच झोप मोडते. भाकर गोड लागत नाही. बायको विचारते, "काहून जी, असे गुमसुम काहून बसले?" तो म्हणतो, "काही नाही वं. मले करमत नाही."

दोन-चार दिवसांची उदासी कोणालाही येते. कापसाचा भाव पडला तर कोण हसेल? पण दोन आठवडे जवळजवळ रोज असेच राहिले आणि कामे अडली, तर तो आजार असू शकतो. त्याला नैराश्य म्हणतात. कर्जाने तो वाढतो, पण कर्ज नसलेल्यालाही होतो. बायांना अधिक होतो. त्या मात्र डोके दुखते, कंबर दुखते, एवढेच सांगतात.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. गावच्याच माणसांना शिकवून तयार केले. ती लोकांत बसून या आजाराविषयी बोलत, त्रास असलेल्यांना मदतीपर्यंत नेत. आरंभी नैराश्य असलेल्या १०० माणसांत जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने २७ घेऊ लागले. हा हिशेब २०१७ साली छापून आला. २७ म्हणजे फार नव्हेत, हे आम्हालाही कळते. पण दारात येऊन कोणी विचारले तर माणूस बोलतो, असे आम्हाला यावरून वाटते.

समुपदेशक उपदेश करत नाही. (नावात उपदेश आहे खरा!) तो आधी ऐकतो. मग एक लहानसे काम ठरवतो: सकाळी विहिरीपर्यंत फेरी मारायची, एवढेच. पुढच्या भेटीत विचारतो, जमले का? काम झाले की थोडे बरे वाटते. बरे वाटले की आणखी काम होते. आजार जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मध्येच सोडू नयेत.

कोणी "जगून काय करू?" म्हणाले तर बोलणे टाळू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येते काय?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरातून हलवा.

अमरावतीला इर्विन दवाखाना, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहे. गावात आशाताईंना विचारा. १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते. आजारी माणसाला फोन करवत नसेल तर घरच्यांनी लावून द्यावा आणि जवळ बसावे.