रोग्याचे जीवन आणि त्याचे मोजमाप

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात शरीराची संरक्षणयंत्रणा मेंदू व मेरुरज्जू यांतील मज्जातंतूंच्या मायलिन नामक आवरणावरच हल्ला करते. आवरण विरले की संदेशांचे वहन मंदावते, प्रसंगी थांबते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे सुस्पष्ट वर्णन केले. परंतु रोगाचे वर्णन म्हणजे रोग्याच्या जीवनाचे वर्णन नव्हे.

अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये सुधारून मांडलेली अपंगत्वाची श्रेणी आजही सर्वत्र वापरली जाते. शून्य म्हणजे तपासणीत दोष नाही; दहा म्हणजे या रोगाने आलेला मृत्यू. चारच्या पुढे मात्र ही मोजणी मुख्यतः चालण्यावरच बेतलेली आहे. शंभर मीटर जाण्यास काठीचा आधार लागला की सहा, चाकाच्या खुर्चीवाचून गत्यंतर उरले नाही की सात. चालता येणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण जो रोगी दवाखान्यात सरळ चालत येतो, त्याचा थकवा या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही.

‘थकवा’ हा शब्दही येथे अपुराच आहे. श्रमाचा शीण झोपेने जातो. हा थकवा रात्रभर झोपूनही सकाळी अंथरुणातच गाठतो. बाहेरून काही दिसत नसल्याने घरी तो आळस ठरतो, कचेरीत कामचुकारपणा. उष्णतेने लक्षणे आणखी बळावतात. श्रमानंतर अशा रोग्यांची दृष्टी तात्पुरती अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊट्‌होफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते. एके काळी तर निदानासाठी रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवीत! वैशाखातील उन्हाळा सोसणाऱ्या आपल्या देशात अशा रोग्याला पंखा वा ओले वस्त्र ही चैन म्हणता येणार नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेत ५४ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्साह, वेदना, स्मरण, कामजीवन, लोकांतील वावर यांविषयी खुद्द रोग्यालाच विचारले जाते. अशा अभ्यासांतून वारंवार आढळले ते असे, की जगण्याच्या समाधानाशी थकवा आणि विषण्णता यांचा फार निकटचा संबंध असतो. विषण्णतेवर उपचार आहेत. पण त्यासाठी आधी कुणीतरी विचारावे लागते.

भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने या रोगाचा समावेश आपल्या सूचीत केला. तथापि नोकरीतील आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि थकव्याची टक्केवारी काढणे सोपे नाही.