पावसाळ्यात डुकरांच्या खाद्यात काय मिसळावं, काय टाळावं

डुक्कर वाढेना झालं की पहिला मोर्चा दुकानाकडे वळतो आणि वाढीच्या पावडरीचा चकचकीत डबा घरी येतो. बहुतेकदा खोट मूळ खाद्यातच असते. मका आणि कोंड्याच्या खाद्यात लायसीन हे अमिनो आम्ल सर्वांत आधी कमी पडतं. सोया पेंडीची जोड दिली की ती तूट भरून निघते. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या जनावराला कोणतीही पावडर बाळसं आणणार नाही. वाढत्या पिल्लांच्या खाद्यात १८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, थोडं मीठ, खनिज मिश्रण आणि दिवसरात्र स्वच्छ पाणी, एवढं जमलं की मगच पूरकांचा विचार करावा.

पूरकांवरचे पैसे खऱ्या अर्थानं वसूल होतात ते पिल्लांचं दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत. या वयात पिल्लाच्या पोटात पुरेसं आम्ल तयार होत नाही. अंगावर पीत असताना दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनतं आणि वेळ निभावते. दूध तुटलं की हा आधार जातो, प्रथिनं अर्धवट पचून पुढे सरकतात आणि आतड्यात ई. कोलाय जंतूंचं फावतं. मग पातळ पिवळसर हगवण, शेपटीखाली चिकटलेली घाण, राठ केस. ओल्या, गार फरशीवर हे आणखी बळावतं.

यावर खाण्याच्या प्रतीचं सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूफूल, उपयोगी पडतं: १०० किलो खाद्याला एक किलो. एका वेताची दहा पिल्लं दोन आठवड्यांत साधारण ४० ते ५० किलो खाद्य संपवतात, म्हणजे अर्ध्या किलोत भागतं. त्याच खाद्यात चुनखडीची भुकटी सढळ हातानं घातली तर मात्र ती आम्ल मारून टाकते आणि लिंबूफूल वाया जातं. मिसळताना घाई नको. आधी एक किलो भरड्यात, मग तो भरडा दहा किलोत आणि शेवटी सगळ्या ढिगात कालवावा. थेट ढिगावर भुरभुरवलं तर एका पिल्लाच्या वाट्याला जास्त येतं आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही.

प्रोबायोटिक घ्यायचंच असेल तर पाकिटावर जिवाणूंचं नाव, संख्या आणि मुदत पाहूनच घ्यावं. फायटेज हे एन्झाइम मात्र मला जास्त कामाचं वाटतं. धान्य आणि कोंड्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, डुकराला तो सुटा करता येत नाही; फायटेज तो सुटा करतं. किलोभर खाद्यामागे फायटेजची ५०० युनिटं नेहमीच्या वापरात आहेत.

गोव्यात आणि कोकणात हॉटेलचं खरकटं घालणारे पुष्कळ आहेत. खरकट्यातल्या मांसातूनही पसरणारा आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० साली आसाम आणि अरुणाचलात दिसल्यापासून खरकटं अर्धा तास खळखळून उकळणं ही चैन राहिलेली नाही. एन्झाइम आणि प्रोबायोटिक ते पूर्ण गार झाल्यावरच टाकावं. गरम खाद्यात दोन्ही निकामी होतात.

पावसाळ्यातला खरा शत्रू म्हणजे बुरशी. मक्याचा दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. दबला तर तो ओला समजावा. कुबट वास, हिरवट ठिपके किंवा हाताला गुठळ्या लागल्या तर ते पोतं बाजूला काढावं. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उकळूनही जात नाही. बेंटोनाइटसारखे विषशोषक ते बरंच बांधून ठेवतात, पण कुजक्या मालाला खपवण्याचा तो परवाना नव्हे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवावीत. भाताचा कोंडा या दिवसांत लवकर खवट होतो, तो थोडा थोडाच आणावा.

वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविक कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. युरोपीय संघानं अशा वापरावर २००६ पासून बंदी घातली आहे आणि आपल्याकडे कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ पासून पशुखाद्यातून हद्दपार आहे.

हगवणीत रक्त दिसलं, अंगात सणसणून ताप असला किंवा कान-पोटाची कातडी लालजांभळी पडली, तर पूरकांचे प्रयोग थांबवा. ते जनावर विकू नका, कापू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.