आधी एसएमपीएस बघ

कळंब,
12 ऑक्टोबर 2025

चि. ओंकार,

काल रात्री ताईचा फोन आला. कुणीतरी तिच्या कानावर घातलंय की तू सोलापुरातून मायनिंगमध्ये राबलेलं आरएक्स 580 कार्ड आणतोयस आणि आठ पिनचा प्लग नाही म्हणून कन्व्हर्टर लावणार आहेस. खरं आहे का? ताईला धास्ती की पोरगं गेम खेळत बसणार. मला धास्ती त्या कन्व्हर्टरची.

तुझा डबा ऑफिसच्या लिलावातला. त्याच्या एसएमपीएसवर 240 वॅट लिहिलंय, मी वाचलंय. हे कार्ड एकटंच 185 वॅट मागतं. मदरबोर्डचा स्लॉट फार तर 75 देणार, बाकीचं सगळं त्या बारीक पिवळ्या तारांतून ओढलं जाणार. असे प्लग दुकानात आलेत माझ्याकडं. पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं, वास जाता जात नाही. मोठा एसएमपीएस टाकतो म्हणशील, तर कंपनीच्या डब्यात पुष्कळदा मदरबोर्डचा प्लगच वेगळा असतो.

बरं, एवढं करून तुझं ब्लेंडरचं काम तरी होतंय का? तुझ्या लिनक्सवर कार्ड लगेच लागेल, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. पण ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिननं 3.0 पासून ओपनसीएल काढून टाकलं, त्या पिढीच्या कार्डावर सायकल्सचं रेंडर होत नाही. म्हणजे सगळा भार पुन्हा प्रोसेसरवरच. जीटी 710 च्याही नादी लागू नकोस. त्याला एनव्हिडियाचा 470 चाच ड्रायव्हर, आणि त्याचा सांभाळ 2024 मध्ये थांबला.

घ्यायचंच तर बुटकं, विनाप्लगचं जीटीएक्स 1650 बघ. 75 वॅटमध्ये भागतं. त्यात सहा पिनवालीही येतात, तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस, कार्ड हातात घेऊन बघ. तुझा मॉनिटर निळ्या प्लगचा, या कार्डाला व्हीजीए नसतं. ॲक्टिव्ह कन्व्हर्टरचे पैसे हिशेबात धर. पण आधी एसएमपीएस. आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणाला होतास, म्हणजे खोलीला अर्थिंगच नाही! घरमालकाला सांगितलंस का अजून?

सप्टेंबरच्या पुरात सोयाबीनचं काय झालं ते तू बघितलंयस. त्यातून उरलेले पैसे ताईनं तुझ्या हातात ठेवलेत, ते जाळू नकोस.

फार बोललो. तुझ्या वयात मला भोसरीच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. आबा म्हणाले, बैलं कोण बघणार? मी उलट एक शब्द काढला नाही. तू हट्ट करतोस ते मला आवडतं, हे ताईला सांगू नकोस. लॅटव्हियाच्या झिलबालोदिसनं ब्लेंडरमध्ये केलेला ‘फ्लो’ सिनेमा तूच दाखवलास मला. यंदाचं ऑस्कर मिळालं त्याला, आणि शेवटचं रेंडर त्यानं स्वतःच्या पीसीवरच केलं म्हणे. तुझं ते तुळजापूरच्या पायऱ्यांचं मॉडेल मला अजून आठवतं. पायऱ्यांची झीजसुद्धा घेतली होतीस तू.

दिवाळीला येताना डबा घेऊनच ये, एस.टी.त मांडीवर धर, वर रॅकला टाकू नकोस. मल्टिमीटर लावून बारा व्होल्टची लाइन बघू, मग दोघं मिळून कार्ड आणू. तोवर सोलापूरवाल्याला ॲडव्हान्स देऊ नकोस. पैसे कमी पडले तर ताईला मागू नकोस, मला फोन कर.

तुझा,
मामा