कागदावरचे नगर

मुलांनो, कागदावर नगर वसविणे फार सोपे असते. दोन रेघा ओढल्या की रस्ता होतो, चार रेघा ओढल्या की घर उभे राहते आणि निळ्या रंगाचा एक फराटा मारला की नदी वाहू लागते. त्यासाठी पैसा लागत नाही, गवंडी लागत नाही, की कोणाची परवानगी लागत नाही. काही वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या आमच्या शाळेत सातवीच्या मुलांनी अशी बेचाळीस नगरे एका दुपारी वसविली. विषय होता, ‘पन्नास वर्षांनंतरची मुंबई’. त्या नगरांचे पुढे काय झाले, ते आज तुम्हांला सांगतो.

चित्रे सुरेख होती, यात शंका नाही. त्यांत गगनाला भिडणारे मनोरे होते, काचेचे पूल होते, उडत्या मोटारी होत्या. एकाने तर ढगांवर बाजार भरविला होता. मिठी नदी बहुतेकांनी रेखाटली होती. तिचे दोन्ही काठ पट्टीने आखल्यासारखे सरळ, मधून निळेशार पाणी आणि त्यात राजहंस! (आमच्या मिठीत राजहंस कोणी कधी पाहिला असेल, असे मला वाटत नाही.) चित्रकलेच्या बाईंनी ती सारी चित्रे भिंतीवर लावली. मी ती पाहत फिरलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बेचाळीस नगरांपैकी एकाही नगरात पाऊस पडत नव्हता.

मुंबईच्या चित्रात पाऊस नसावा, हे मला चमत्कारिक वाटले. हे शहर मुळात सात बेटांचे. बेटांमधील खाड्या व दलदली भरून काढून ते जोडले गेले, म्हणून त्याचे अनेक भाग सखल राहिले. पावसाचे पाणी वाहून नेणारी जुनी गटारे बांधली, ती तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल या हिशेबाने, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. भरतीच्या वेळी गटारांच्या तोंडाशी समुद्रच येऊन उभा राहतो. मग शहरातील पाण्याने जावे कोठे? २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ते सारे पाणी जेथल्या तेथे राहिले असते, तर सपाट मैदानावर ते तुमच्या कमरेला लागले असते. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी त्या दिवशी कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली. भरावाने आणि बांधकामांनी तिचे पात्र आवळले गेले होते. पसरावयास तिला जागाच उरली नव्हती. शेकडो माणसे प्राणांस मुकली. असा पाऊस पुन्हा येणार नाही, असे आज कोणी म्हणू शकत नाही. उलट, हवा एक अंश सेल्सियसने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि पृथ्वीवरची हवा तर तापतच चालली आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि म्हणालो, “तुमची नगरे पाहिली. आता तेथे माणसे राहावयास येणार आहेत. आपल्या चित्रातील कोणताही एक माणूस निवडा. तुमच्या नगरात २६ जुलैचा पाऊस पडतो आहे असे समजा आणि त्या माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहून आणा.”

चित्रातील दिवा कधी विझत नाही, आणि चित्रातील जिना कोणाला चढावा लागत नाही. लिहिताना मात्र माणसाला घराबाहेर पडावे लागते, त्याला भूक लागते, त्याला परतावे लागते, आणि चित्र काढणारा जे विसरला ते वाटेत त्याच्या पायांत येते. साठ मजली मनोरा काढणाऱ्या मुलाने पोस्टमन निवडला होता. पावसात वीज गेली, लिफ्ट थांबली आणि निबंध संपला तेव्हा तो बिचारा एकेचाळिसाव्या मजल्याच्या पायरीवर बसलेला होता! नदीत राजहंस सोडणाऱ्या मुलीच्या ध्यानात आले की, तिच्या नगरात जिकडेतिकडे सिमेंट आहे. पाणी जिरावे अशी हातभर मातीही तिने कोठे ठेवलेली नाही. एका आळशी मुलाने लिहिले, ‘त्या दिवशी माझ्या नगरातील सर्व माणसे गावाला गेली होती.’ त्याला मी पुन्हा लिहावयास सांगितले.

एका मुलीने पावसाऐवजी मे महिन्यातील दुपार लिहून आणली. तिचे घर पत्र्याचे. दुपारी आत बसवत नाही, म्हणून तिची आजी पदर ओला करून डोक्यावर घेते, असे तिने लिहिले होते. तिने विषय सोडला खरा, परंतु मी तिला पूर्ण गुण दिले. कारण नगराला पाण्याइतकेच उन्हालाही तोंड द्यावे लागते. अहमदाबाद शहरात २०१० च्या मे महिन्यात उन्हाच्या लाटेने फार माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या नगराने उन्हाशी सामना करण्याची योजना आखली आणि पुढे गरीब वस्त्यांतील अनेक छपरे पांढरी रंगविली. पांढरे छप्पर ऊन परतवून लावते, म्हणून आतील खोली थोडी थंड राहते.

आता त्या मुलाविषयी सांगतो, ज्याच्यासाठी मी ही हकीकत लिहावयास घेतली. त्याच्या चित्रात मिठीच्या काठी मोठी बाग होती. फुलझाडे, बाके, कारंजे, सारे काही होते. त्याने आपल्या आईचाच दिवस लिहावयाचे ठरविले. २००५ साली ती थोरल्या मुलाला कडेवर घेऊन शेजारच्या इमारतीच्या जिन्यात रात्रभर बसली होती, हे त्याने घरी ऐकले होते. परंतु त्याच्या वहीत एकच वाक्य होते : ‘सकाळी आई घरातून निघाली.’ मी विचारले, “पुढे?” तो म्हणाला, “सर, घरच नाही. जेथे आमची खोली आहे, तेथे मी बाग काढली. मग आम्ही कोठे राहायचे?”

मला उत्तर देता आले नाही. नदीला जागा हवी, हे मीच आदल्या दिवशी शिकविले होते. आणि ती जागा कोणाची, हे तो मला विचारीत होता.

वर्गात थोडी निराशा पसरली. एकजण म्हणाला, “पण सर, आमची चित्रे पाहणार कोण?” तेव्हा मी त्यांना इंदूरची गोष्ट सांगितली. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. पुढे ते नगररचनेकडे वळले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याआधी होळकरांच्या इंदुरात प्लेगने ठाण मांडले असताना त्यांना तेथे बोलाविण्यात आले होते. आराखड्याचे जाड पुस्तक त्यांनी पुढे १९१८ मध्ये सादर केलेच. परंतु त्याआधी दिवाळीत त्यांनी एक मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ, त्या रस्त्यांनी ती जाणार, असे जाहीर होताच लोक झाडलोटीला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि पुढे व्हावयाच्या नव्या घरांच्या प्रतिकृतीही होत्या. नगराचे सफाई कामगार त्यात मानाने चालले. लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. ज्यांना नकाशा वाचता येत नव्हता, त्यांनी आपले उद्याचे नगर रस्त्यावरून जाताना असे डोळ्यांनी पाहिले.

मग दुसऱ्यांदा चित्रे काढावयाची ठरली, आणि या खेपेस तीन-तीन मुलांनी मिळून. वर्गात एवढे भांडण मी क्वचितच ऐकले असेल. मैदान रस्त्यापेक्षा खाली ठेवावे, म्हणजे भरती ओसरेपर्यंत पाणी तेथे थांबेल, असे एका गटाचे म्हणणे, तर “मग आम्ही क्रिकेट कोठे खेळायचे?” असा दुसऱ्याचा सवाल. (परळच्या हिंदमाता भागातील पाण्यासाठी आता मैदानांच्या पोटातच टाक्या बांधल्या आहेत, हे त्या मुलांना कळते, तर भांडण लवकर मिटले असते.) खाडीच्या मुखाशी तिवरांची दाट राई आली. मनोरे बुटके झाले. राजहंस गेले आणि त्यांच्या जागी बगळे आले.

तो मुलगा खिडकीपाशी बसला होता. त्याच्या गटाने वस्तीची घरे काठापासून मागे नेली होती, परंतु शाळेपासून दूर नाही. इमारत चार मजल्यांची, तळमजला मोकळा. तेथे हातगाड्या लावलेल्या. आजीला चढता यावे म्हणून जिन्याऐवजी उतरण काढली होती. नदीचा पलीकडचा काठ रंगवून झाला होता. अलीकडचा काठ मात्र कोरा होता.

“हा काठ राहिला का रे?” मी विचारले.

“राहिला नाही, सर,” तो म्हणाला. “त्या दिवशी पाणी कोठवर आले होते, ते आज आईला विचारतो आणि उद्या काढतो.”