खाशाबांच्या आधीचे पदक

प्रश्न : स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक पदक खाशाबा जाधवांचे, असे आमच्याकडे सगळे सांगतात. त्याआधी महाराष्ट्रात खेळणाऱ्या कुणालाच पदक मिळाले नव्हते का?
– एक वाचक, पिंगळी (जि. परभणी)

उत्तर : मिळाले होते, आणि तेही सुवर्ण. खाशाबांचे १९५२ चे कुस्तीतले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. त्याआधी १९४८ साली लंडनमध्ये खाशाबा सहावे आले, त्याच ऑलिंपिकमध्ये आपला हॉकी संघ जिंकला. अंतिम सामन्यात गोलरक्षक होते मुंबईचे लिओ पिंटो. घराणे गोव्याचे, जन्म १९१४ चा, नैरोबीतला. मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस आणि वॉल्टर डिसूझा हेही त्या संघात मुंबईचेच.

पिंटोंची कारकीर्द महायुद्धाने खाल्ली. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक रद्द झाली. तेव्हा ते सव्वीस आणि तीस वर्षांचे होते, म्हणजे खेळाडूच्या भराच्या वयात. पहिली संधी आली ती चौतिसाव्या वर्षी. इतकी वर्षे वाट पाहून कितीतरी जणांनी स्टिक खुंटीला टांगली असती. हॉकीत पैसाही नव्हता. नोकरी सांभाळून खेळायचे. गोलरक्षकाच्या पायाला पॅड असत, पण तोंडावर जाळी नाही की डोक्यावर हेल्मेट नाही.

अंतिम सामना १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीला झाला. पावसाने मैदान चिखलाचे आणि समोर वर्षापूर्वीपर्यंतचे राज्यकर्ते. भारताने ब्रिटनला ४-० असे हरवले. बलबीरसिंग यांनी दोन गोल केले, त्यामुळे नाव त्यांचेच गाजले. गोल करणारा सर्वांच्या लक्षात राहतो. न होऊ दिलेल्या गोलांचा हिशेब कोण ठेवतो? पाच सामन्यांत भारताने २५ गोल केले आणि फक्त दोन खाल्ले. त्यातला एक उपांत्य फेरीत हॉलंडचा. तो सामना भारताने २-१ असा थोडक्यात जिंकला होता.

 

पिंटो २०१० साली मुंबईत वारले, वयाच्या ९६ व्या वर्षी. एकूण काय, गावात पैज लागलीच, तर शब्द नीट ऐका : ‘पहिले वैयक्तिक पदक’ म्हटले असेल तर खाशाबा, नुसते ‘पहिले पदक’ म्हटले असेल तर १९४८ चा हॉकी संघ.