बोक्याचं दुखणं आणि लोकरीची टोपली

बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही पडत नाही, असं तुमच्या घरी आत्ता चाललं असेल तर पुढचं वाचत बसू नका. त्याला उचला आणि दवाखाना गाठा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

मी इंदूरची. लालबागजवळच्या गल्लीत आमचं जुनं बैठं घर आहे. क्रोशाचं आणि लोकरीचं काम मी ऑर्डरीवर करते. बारशाची टोपडी, कुंच्या, रुखवताचे रुमाल, दारावरची तोरणं असं काही ना काही वर्षभर हातात असतंच. घरात एक करडा बोका आहे, भुऱ्या. त्याच्या मूत्राशयाच्या दुखण्यानं आमच्या घराची रीतच बदलली. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण जनावराला केव्हा न्यायचं हे शेवटी घरच्या माणसालाच ठरवावं लागतं.

१. भलत्या जागी केलेली लघवी ही खोडी नसते.

भुऱ्याचं दुखणं आम्हाला कळलं ते लोकरीमुळे. एका रुखवतासाठी मोतिया रंगाची लोकर आणली होती. टोपलीत वरच्याच गुंड्यावर ओला डाग दिसला, जेमतेम रुपयाएवढा. उजेडात धरला तर डागाची कड फिकट गुलाबी. लोकर मरून किंवा काळी असती तर ती गुलाबी कड कुणाच्या नजरेस पडलीच नसती. लघवीत रक्त होतं.

मांजर चिडून, सूड म्हणून घाण करतं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं नसतं. मूत्राशयाला सूज आली की लघवी करताना आग होते. ती आग वाळूच्या ट्रेमध्ये बसल्यावर होते, म्हणून मांजराच्या मनात ट्रे आणि दुखणं यांची गाठ बसते. मग ते मऊ किंवा गार जागा शोधतं: गादी, कपड्यांचा ढीग, मोरी, लोकर. अशा वेळी त्याच्या अंगावर ओरडलं तर आजारात भीतीची भर पडते. आधी डाग नीट बघा. रंग कसा आहे, किती आहे, वास नेहमीपेक्षा उग्र आहे का. शक्य असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

२. कुंथतो आहे म्हणजे बद्धकोष्ठच, असं धरून चालू नका.

शेजारच्या भाभीजी प्रेमानं म्हणाल्या होत्या, “काकू, त्याला कब्ज झालीय, थोडं एरंडेल द्या.” मी एरंडेल दिलं नाही, पण त्यांना असं का वाटलं ते कळतं. दोन्हीत मांजर सारखंच बसतं, पाठ वाकवतं, जोर करतं. फरक बघायचा तो वाळूत. ओला गोळा झाला आहे का? बसून उठल्यावर वाळू कोरडीच असेल, बोका मागचा भाग सारखा चाटत असेल, मध्येच खोल आवाजात ओरडत असेल, तर लघवी अडली आहे असंच समजायचं.

मादीलाही मूत्राशयाचा त्रास होतो, पण लघवी पूर्ण अडण्याचं संकट बहुतेक बोक्यावर येतं. त्याची मूत्रनलिका लांब आणि टोकाशी फार अरुंद असते. चिकट स्राव, पेशी आणि बारीक खडे यांचा बोळा तिथे अडकला की वाट बंद. मूत्राशय फुगून पोटाखाली लिंबासारखं टणक लागतं. ते दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी कुणीही करू नये. ते आतल्या आत फुटू शकतं. रक्तातलं पोटॅशियम बाहेर पडायला वाट राहत नाही, ते साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. उलट्या होतात, बोका निपचित पडतो. वाट पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून “सकाळी बघू” हे वाक्य या दुखण्यात चालत नाही.

३. दवाखान्यात काय होतं ते आधी माहीत असावं.

त्यानं घाबरगुंडी कमी होते. भुऱ्याची लघवी अडली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्याला आधी गुंगी दिली, मग बारीक नळी घालून वाट मोकळी केली. शिरेतून सलाइन लावलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. नळी लगेच काढत नाहीत, काही काळ ठेवतात. नळी काढल्यावर बोका स्वतःहून लघवी करतो की नाही हे बघूनच घरी सोडतात. पहिले काही दिवस पुन्हा अडण्याची भीती सर्वांत जास्त असते, तेव्हा घरी आणलं म्हणजे निभावलं असं नाही.

लघवीचा नमुना घरून नेणार असाल तर ताजा न्या. थंड होऊन पडून राहिलेल्या लघवीत नुसत्या पडून राहण्यानंही स्फटिक तयार होतात आणि तपासणी फसते. आणखी एक. तरुण मांजरात या दुखण्यामागे जंतू क्वचितच असतात, त्यामुळे मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची गोळी आपल्या मनानं देऊ नये.

इंदूरजवळ महूला १९५५ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. या भागातले कितीतरी डॉक्टर तिथे शिकलेले. गाई-म्हशींचे डॉक्टर म्हणून त्यांच्याकडे बघायची आपली जुनी सवय. पण मांजराच्या नखाएवढ्या जागेत नळी घालणारे हात मी जवळून पाहिले आहेत, आणि त्या विद्येबद्दल मला फार आदर आहे.

४. माणसाचं औषध मांजराला विष ठरू शकतं.

मूतखडा म्हटलं की आपल्या घरांत उपायांची रीघ लागते. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, वर अंगदुखीला पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवून बाहेर टाकायची सोय त्याच्या यकृतात नीट नाहीच. आणि पानफुटी, जी कित्येक मराठी घरांत कुंडीत असते, तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत. माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लावलेली पानफुटीची कुंडी आम्ही बहिणीकडे पोचवली. सासूबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही.

खडे सगळे एका जातीचे नसतात, हेही ध्यानात ठेवावं. स्ट्रुव्हाइट नावाचे खडे विशेष आहारानं विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते बहुधा शस्त्रक्रियेनंच काढावे लागतात. एकाला मानवणारा आहार दुसऱ्याला मानवेलच असं नाही. ओळखीच्या बोक्याला लागू पडलेलं खाणं म्हणून परस्पर आणू नये.

५. फिनेल नको.

लघवीचा वास आला की हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजर त्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि फिनॉल पोटात जातं. फरशीला आधी साधं पाणी, मग पातळ केलेलं व्हिनेगर. मिळालं तर एन्झाइमवालं क्लीनर, त्यानं वास मुळातून जातो. वास उरला तर बोका पुन्हा त्याच जागी बसतो.

लोकरीचं मात्र वेगळं तंत्र आहे, आणि याबद्दल मला पुष्कळ जणी विचारतात. गुंडा तसाच बुडवू नका, आतपर्यंत पाणी जात नाही. तो उलगडून दोन खुर्च्यांच्या पाठींवर लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, गार पाण्यात भिजवा. मग रिठ्याच्या पाण्यात अलगद दाबून काढा. पिळायचं नाही, चोळायचं नाही. गरम पाणी लागलं तर अस्सल लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवी वाळवा. ती मोतिया लोकर अशी धुऊन स्वच्छ झाली, पण बाळाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या वस्तूत मी ती वापरली नाही. भुऱ्याच्या खोक्यात घालायला तिचीच चौकट विणली, सगळी मुक्या खांबांची, क्रोशाच्या आखूड घट्ट टाक्यांची, म्हणजे नखं अडकत नाहीत.

६. पाणी कुठलं, यापेक्षा पोटात किती जातं ते बघा.

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणतात. आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो, मधल्या दिवसाला बोरिंग. बोरिंगच्या जड पाण्यानं खडे होतात, असं गल्लीत प्रत्येक जण सांगतो. डॉक्टरांनी मला वेगळीच गोष्ट समजावली. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. त्याला तहान कमी, लघवी घट्ट. ती पातळ ठेवणं हेच खरं काम.

म्हणून कोरड्या दाण्यांपेक्षा ओलं खाणं बरं. आम्ही दाण्यांचं प्रमाण घटवलं. कोंबडीचं मांस उकडलेलं पाणी देतो, त्यात मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, दोन्ही मांजराच्या रक्ताला घातक. पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी, पसरट, खाण्याच्या ताटलीपासून आणि ट्रेपासून लांब. भुऱ्याला मातीचं कुंडं आवडतं. मे महिन्यात माळव्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा त्या कुंड्याशीच तो पडून असतो. दूध मात्र पाण्याऐवजी चालत नाही. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही.

७. वाळूचा हिशेब वहीत ठेवावा.

विणकाम करणाऱ्या बाईला मोजायची सवय असतेच. माझ्या वहीत डाव्या पानावर नमुन्याच्या ओळी, उजव्या पानावर भुऱ्या: सकाळचे गोळे, संध्याकाळचे गोळे, आकार, रंग. धडधाकट मांजर साधारण दिवसातून दोन ते चार वेळा लघवी करतं. गोळे लहान आणि संख्येनं जास्त व्हायला लागले की त्रास सुरू झाला. गोळाच नाही, तर तातडी. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावा, रोज साफ करावा, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवू नये, आणि वासाची वाळू आणू नये. तो वास आपल्यासाठी असतो, मांजराला नकोसा.

८. दोरा पोटात गेला तर ओढू नये.

मांजर आणि लोकरीचा गुंडा हे चित्र दिनदर्शिकेवर शोभतं. घरात ते धोक्याचं आहे. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात आलेला धागा त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. एक टोक जिभेखाली अडकून राहिलं तर आतडं त्या धाग्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि कापलंही जातं. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचा नाही, सरळ दवाखाना. आमच्याकडे आता सगळी लोकर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असते. हातातलं काम उठताना आत जातं, तुकडे तिथल्या तिथे डबीत. सुई दोऱ्यासकट बाहेर राहत नाही. भुऱ्याला खेळायला पिसाची काठी आहे, तीही खेळ संपला की कपाटात.

९. घराची शांतता हेही औषध आहे.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते या गोष्टीनं. भुऱ्याला दुसऱ्यांदा त्रास झाला तेव्हा खडा सापडला नाही, जंतूही नाहीत. डॉक्टर म्हणाले, “काकू, घरात काही बदललं का?” बदललं होतं. रंगकाम चाललं होतं, पलंग जागचा हलला होता, पाहुणे होते. मांजरांत मूत्राशयाची अशी सूज पुष्कळ आढळते, जिच्यामागे दुसरं कारण सापडत नाही आणि ताणानं ती उसळते. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. लपायला जागा, चढायला उंची, ठरलेल्या वेळी खाणं-खेळणं एवढं मिळालं तरी मांजरांचा त्रास कमी होतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

लालबागच्या मैदानावर मालवा उत्सव भरतो. देशभरातले विणकर, कारागीर येतात, मी दरवर्षी जाते, महेश्वरी साड्यांचे काठ बघत उभी राहते. पण त्याच मैदानावरचे भोंगे रात्री घरापर्यंत ऐकू येतात. त्या दिवसांत भुऱ्याला आतली खोली, खिडकीला जाड पडदा, खोकं, पाणी, ट्रे. दिवाळीतही तेच. आणि संध्याकाळी ठरल्या वेळी, ठरल्या खुर्चीत मी विणायला बसते. फोन नाही, टीव्ही नाही. तो पायाशी येऊन पडतो. या बसण्यानं त्याचं दुखणं बरं होतं असा माझा दावा नाही. पण ज्या आठवड्यात ही बैठक मोडते त्या आठवड्यात माझी वही लगेच सांगते.

१०. दवाखान्यात साधं काम न्यावं.

जाळीचा रुमाल तिथे नको. लक्ष दाराकडे असतं, ओळ चुकते. मुक्या खांबाच्या चौकटी घ्याव्या, बंद डोळ्यांनीही होतात. हात चालू राहिले की मन थोडं धरून राहतं. गिऱ्हाइकाला त्याच दिवशी फोन करून काम लांबेल असं स्पष्ट सांगावं. रुखवताच्या त्या मुलीच्या आईनं एका शब्दानं तक्रार केली नाही, उलट रोज बोक्याची चौकशी केली. ऑर्डरीच्या पैशांतला थोडा वाटा मी तेव्हापासून भुऱ्यासाठी बाजूला टाकते, कारण हा आजार पुन्हा येऊ शकतो आणि आला तर खर्चाचा विचार करण्यात वेळ घालवून चालत नाही.

तुमच्या घरी बोका असेल तर आजच एक फोन करा. तुमच्या भागात रात्री कुठला दवाखाना उघडा असतो आणि तिथे मांजराला नळी घालायची सोय आहे का, ते विचारा. तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा.